हसायला सोबत लागते

मारधाडीचा चित्रपट थिएटरात आणि विनोदी मात्र ‘घरीच बघू, येईलच मोबाइलवर’! हल्ली बहुतेक घरांत चहा पिता पिता असाच निकाल लागतो. हिशेबही खोटा नाही. चौघांची तिकिटं, वर मध्यंतरातलं पॉपकॉर्न; घरच्या बाईला लगेच महिन्याचा किराणा आठवतो.

पण खरं तर हे उलटं हवं. गाड्यांचे स्फोट एकट्यानेही बघता येतात. एकटाच मोठ्याने हसणारा माणूस मात्र शेजाऱ्यांना काळजीत पाडतो! १९८८ साली सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. भरल्या थिएटरात अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या एका वाक्याच्या हशात पुढचं वाक्य बुडून जाई. पुढे टीव्हीवर तो इतक्यांदा लागला, की तेव्हा जन्मलेही नव्हते त्यांनाही संवाद पाठ झाले. पण ‘धनंजय माने’ म्हटल्यावर पुढचं वाक्य म्हणायला समोर कुणीतरी हवंच ना?

२०२३ साली केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका गटागटाने, नटूनथटून, गॉगल लावून गेल्या. तिकिटं काही स्वस्त झाली नव्हती. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र आलेल्या सहा बहिणींची भांडणं पडद्यावर, आणि खाली ‘अगदी आपल्या धाकटीसारखी!’ म्हणून मैत्रिणीला कोपराने ढोसणं. मोबाइलवर ढोसायचं कुणाला?