दोन खोल्यांतील आरास

गणेशचतुर्थी तोंडावर आली की दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नैवेद्याआधी आराशीची काळजी लागते. शेजारी तयार मखर आले, आपल्याकडे कधी, असे मुले विचारतात. आणि दीड दिवसाच्या शोभेसाठी उसनवारी होते. ही उसनवारी आम्हांस मान्य नाही. थर्मोकोलच्या मखरांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. तयार मखराचा मोह मात्र सुटला नाही.

तळकोकणात श्रींच्या मस्तकावर माटवी बांधतात, गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. लाकडी चौकटीला आंब्याचे टहाळे, नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, कवंडळे टांगतात. शहरात रानफळे शोधत हिंडण्याचे कारण नाही. छताच्या कड्यांना आडवी काठी बांधावी आणि त्या आठवड्यात घरी लागणारीच काकडी, दोडकी, पडवळ, केळी तिला टांगावीत. मागे आईचे जुने जरीकाठी लुगडे सोडावे. विकतचा कोणता पडदा त्याची सर करील? विसर्जनानंतर सारी माटवी स्वयंपाकघरात उतरते, खर्च असा उरतच नाही. नारळ मात्र सुंभाने पक्के बांधावेत, मूर्तीच्या डोक्यावर नव्हे, बाजूंना. आणि समई लुगड्यापासून हातभर दूर ठेवावी.