भातातला उंदीर आणि पावसाळी ताप

कोकणात लावणी आटोपली की दोन तक्रारी ऐकू येतात. उंदरांनी भात कातरले, ही एक. दुसरी दवाखान्यात येते, अंगात ताप आणि पोटऱ्यांत ठणका घेऊन. दोन्हींचे मूळ एकाच बिळात असू शकते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

उंदरांच्या, तसेच गुरे व कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे जंतू खाचरातल्या पाण्यात उतरतात. अनवाणी पायांच्या भेगांतून, जखमांतून ते शरीरात शिरतात. साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. डोळे लाल होतात. दुखणे अंगावर काढले तर कावीळ होते, लघवी कमी होते, प्रसंगी माणूस दगावतो. वेळीच उपचार झाले तर साध्या प्रतिजैविकांनी रोगी बरा होतो. म्हणून ताप येताच डॉक्टरांकडे जावे आणि ‘चिखलात काम केले आहे’ हे आवर्जून सांगावे.

आता उंदरांविषयी. लोंब्या कातरलेल्या दिसल्या की आपण झिंक फॉस्फाईड आणतो, उघड्या हातांनी पिठात कालवतो आणि उरलेली पुडी घरातल्या फळीवर ठेवतो. हे विष पोटात गेले की त्याचा फॉस्फीन वायू होतो. त्यावर उतारा नाही. घरात लहान मुले आहेत, याचा तरी विचार करावा. शिवाय तोवर उशीर झालेला असतो. भात पोटरीत आले की उंदरांची वीण वाढते आणि मादी तीनेक आठवड्यांत विते. एकट्याने शेत साफ केले तरी शेजारच्या बांधातले उंदीर येतातच.

फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थाही हेच सांगते, की उंदरांचा बंदोबस्त वीण सुरू होण्याआधी आणि सर्वांनी मिळून करावा. बांध फूटभराहून रुंद नसावेत, गवत काढावे, बिळे खणावीत, सापळे लावावेत. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, खोल पुरावा.

पीक शेती खात्याचे आणि ताप आरोग्य खात्याचा, ही वाटणी कागदावर ठीक आहे. उंदराला ती ठाऊक नाही. जूनच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी यांबरोबर हाही विषय घ्यावा आणि साऱ्या वाडीने एकच दिवस ठरवून बाहेर पडावे. त्यात भात वाचेल आणि कदाचित घरचे माणूसही.