खुद्द

बरेच दिवस इथे फिरकले नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर स्क्रीनकडे बघायचं नाही असा हुकूम होता. तुमच्यापैकी काहींनी "काकू, कुठे आहात?" म्हणून विचारलं, बरं वाटलं. डोळा आता उत्तम आहे. आणि नव्या डोळ्याने पहिलं काय वाचलं म्हणाल, तर शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदांच्या झेरॉक्स. त्याबद्दलच आज लिहिणार आहे. लेख घरातली मंडळीही वाचतात, काहींना आवडणार नाही. पण जे वाटतं ते लिहायला म्हणून तर ही जागा केली.

झालं असं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. गावोगावचे लोक तहसील कचेरीत नकलांसाठी अर्ज करू लागले. माझ्या पुतण्यानेही केला. त्या वादात मी पडत नाही, माझा विषय वेगळा आहे. पुतण्याला हवा होता एक शब्द, जातीच्या रकान्यातला. पण नकला मागताना त्याने जे जे मिळेल ते मागितलं आणि पिशवीभर कागद घेऊन आला. अर्धे मोडीत. माझे वडील सही मोडीत करायचे, मला मात्र मोडीचं अक्षर कळत नाही. शाळेत आम्हाला ती शिकवलीच नाही. शेवटी मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून पानामागे पैसे देऊन सगळं देवनागरीत उतरवून घेतलं. त्याचं काम त्या एका शब्दाशी संपलं, बाकीची पिशवी माझ्याकडे आली. "आत्या, तुला वाचायला आवडतं ना, बघ."

मी का बघायला घेतलं तेही सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी इंग्लंडात असते. तिच्या शेजारच्या आजोबांनी आपला खापरपणजोबा शोधून काढला, शेतमजूर होता. तिथे १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना नावानिशी जपलेली आहे. शंभर वर्षं झाली की लोकांना खुली करतात, १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. (१९३१ ची मात्र १९४२ च्या आगीत जळाली.) चर्चच्या वह्या तर १५३८ पासूनच्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं ओळीने. दफनाच्या वहीत तारीख मिळाली, आजोबा त्या चर्चच्या आवारात जाऊन उभे राहिले. थडगं नव्हतंच, गरिबाला दगड कुठला? पण जागा तर होती.

आपलं तसं नाही. आपण माणूस जाळतो, राख पाण्यात सोडतो. आणि जनगणना? आपल्याकडे पहिली १८७२ ची, आणि सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली १७ फेब्रुवारी १८८१ ची. म्हणजे इंग्रजांनीच केलेली. पण स्वतःच्या देशात त्यांनी माणसांची नावं जपली आणि इथे छापल्या त्या बेरजा. अमुक तालुक्यात पुरुष इतके, बायका इतक्या. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्यानेही माणसागणिक माहिती गुप्तच ठेवली. ते योग्यही आहे. पण त्यात माझा पणजोबा मला सापडणार नाही, एवढं खरं.

मग आपल्याकडचा शेतकरी सापडतो कुठे? जमिनीच्या कागदात. सातबारा आजचा, त्याच्यामागे फेरफार, त्याच्यामागे क-ड-ई पत्रक. आणि मेल्यावर गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. थोडक्यात शेतकऱ्याने सारा भरला, कर्ज काढलं किंवा तो मेला, की सरकार त्याचं नाव लिहितं. मधलं आयुष्य त्याचं त्याने बघून घ्यावं.

आमच्या घरात पणजोबांची कथा अशी सांगतात: पणजोबा मोठे कर्तबगार. सावकाराकडे गहाण पडलेलं माळावरचं रान त्यांनी पै-पै साठवून सोडवलं. त्यांच्यामुळे आपण आज जमिनीवर आहोत. ही कथा मी लहानपणापासून ऐकली, मुलांना सांगितली आणि पूर्वी एकदा ब्लॉगवरही लिहिली. जुने वाचक आठवतील.

आता कागद काय म्हणतात ते ऐका.

कोतवाल बुकात पणजोबांची नोंद ऑक्टोबर १९१८ ची आहे. वय अंदाजे पस्तीस. मरणाचं कारण: ताप. बस, एक शब्द. पण त्याच पानावर खाली ताप, ताप, ताप असं लिहिलंय आणि दोन पानांनंतर अक्षर बदललंय. लिहिणाराच आजारी पडला की काय कोण जाणे. ही मानमोडीची साथ, १९१८ चा इन्फ्लुएन्झा. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, पण वहीत इन्फ्लुएन्झाचा रकाना नव्हता. पटकी, देवी, प्लेग यांना रकाने होते. म्हणून बहुतेक मरणं 'ताप' म्हणून नोंदली गेली. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कोरडवाहू. तिथे पाऊस गेला म्हणजे सगळंच गेलं.

त्यानंतर १९१९ चा वारसाचा फेरफार. खातेदार मयत, वारस मुलगा, वय सात. हा माझा आजा. त्याच्या नावापुढे: अ.पा.क. आई. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. अज्ञान तो मुलगा, आई पालन करणारी. तिचं नाव? नाही. नुसतं 'आई'. मोडी वाचणाऱ्यांना मी दोनदा फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बाई, जे नाही ते मी कुठून वाचू?"

आणि मग १९२७ चा फेरफार. गहाण रान अडीचशे रुपये चुकते करून सोडवलं, मुलाच्या नावे, अ.पा.क. आई.

म्हणजे ज्यांनी रान सोडवलं असं आम्ही सांगत आलो, त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्यांनी रान सोडवलं नाही. त्यांनी ते गहाण टाकलं होतं. (त्यांना दोष नाही. त्या भागात गहाण नाही असं रान शोधूनच काढावं लागलं असतं. सुपं आमच्यापासून फार लांब नाही, तिथेच १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे ओढून काढून पेटवले. १८७९ साली त्यावरून कायदा झाला, पण सावकार काही संपला नाही.)

मधल्या आठ वर्षांच्या पीक पाहणीची काही पानं पिशवीत आहेत. बाजरी, हुलगा, थोडी तूर. कसणार कोण, तिथे दर वर्षी एकच शब्द: खुद्द. खुद्द म्हणजे खातेदार स्वतः. खातेदार कोण? सात वर्षांचा मुलगा. तलाठ्याने लिहून ठेवलंय की सात वर्षांचं पोर खुद्द रान कसतंय! पुढच्या वर्षी आठ वर्षांचं, मग नऊ वर्षांचं. मी ते वाचून आधी हसले. मग कागद खाली ठेवून बराच वेळ गप्प बसले.

माझ्या वडिलांनी त्यांच्या लहानपणी तिला पाहिलेलं. घरात सगळे तिला 'थोरली आई' म्हणत. साऱ्याच्या पावत्या ती लुगड्याच्या कनवटीला बांधून ठेवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही, एवढं ते सांगायचे. आम्हाला वाटायचं म्हातारीचा चक्रमपणा. तिच्या मरणाची नोंद शोधली, पण अदमासाने ज्या वर्षांत ती गेली त्या वर्षांची वही वाळवीने खाल्लेली.

इथे मला तलाठ्यावर चार शब्द सुनवायचे होते. पण ते लिहायला बसले आणि लिहिता येईना. का, ते सांगते.

१९८१ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. शिक्षकांना ते काम चुकायचं नाही. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की वर्षातले १८३ दिवस किंवा जास्त काम करणारा तो मुख्य कामकरी. प्रत्येक माणसाला नीट विचारा. मी ओसरीवर बसायचे, घरचा कर्ता सांगायचा, मी लिहायचे. एका घरी विचारलं, "मालकीणबाई काय करतात?" मालक म्हणाले, "काही नाही, घरीच असते." मी लिहिलं. तेवढ्यात त्या बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या, भारा टाकला, हातपाय धुतले आणि मला पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले. कागद झोळीत होता. काढून दुरुस्त केला नाही. त्या दिवशी पुष्कळ घरं बाकी होती आणि ऊन चढत होतं. १९९१ च्या अर्जात मग शेतावरचं बिनपगारी काम धरून विचारा असं छापूनच आलं, म्हणजे माझ्यासारख्या बऱ्याच जणी-जणांनी तेच केलं असणार. इंग्लंडातही त्या जुन्या अर्जांत शेतकऱ्याच्या बायकोपुढचा धंद्याचा रकाना पुष्कळदा कोराच असायचा, असं विद्यार्थिनी सांगत होती. पण त्याने मला काही हलकं वाटलं नाही. त्या बाई मला अजून दिसतात. मी स्वतः पगार घेणारी बाई, आणि तिला मी 'काम नाही' केलं.

आता माझं मत. पुतण्या नवीन घराच्या हॉलमध्ये लावायला वंशवृक्ष छापून घेतोय. सुंदर काढलाय, झाडाबिडासकट. वर पणजोबा, खाली दोन ओळी: यांनी गहाण जमीन सोडवून घराणे उभे केले. मी म्हटलं ही ओळ काढ, किंवा जिची आहे तिच्याखाली लिही. पुतण्या तयार होता. धाकटा भाऊ मात्र म्हणाला, "अक्का, शंभर वर्षांनी हे उकरून कुणाला काय मिळणार? घरातलीच होती ना ती?"

तो वाईट बोलला असं नाही. पण 'घरातलीच' या शब्दात बाई कशी विरघळते ते मला आता कागदावर दिसतंय. आणि भावाच्या आवाजात थोडी धास्तीही होती, ती का ते आम्हा दोघांना ठाऊक आहे. त्याच पिशवीत १९८८ चे दोन फेरफार आहेत, वडील गेले तेव्हाचे. पहिल्यात वारस म्हणून आम्हा बहिणींची नावं लागली. दुसऱ्यात, अवघ्या काही आठवड्यांनी, हक्कसोड केल्याने नावं कमी केली. सातबाऱ्यावर माझ्या नावाला कंस. सही मी केली होती, राजीखुशीने, मला नोकरी होती, भावांना नव्हती. त्या दिवशी भावजयीने नेसवलेली साडी अजून कपाटात आहे. मला रान नको आहे, तेव्हाही नको होतं. हे इथे लिहून ठेवते म्हणजे घरात कुणाची झोप उडायला नको. पण वंशवृक्षातली ओळ मला हवी आहे. त्यावर मी हक्कसोड करणार नाही.

तुमच्यापैकी कुणी असे कागद काढणार असाल तर एवढंच सांगते: तुमच्या कामाचा शब्द सापडला की पिशवी बंद करू नका. आणि 'खुद्द' लिहिलेलं दिसलं की खातेदाराचं वय बघा.

वंशवृक्षाचं आता असं ठरलंय की पणजोबांशेजारी एक चौकट काढायची. पुतण्याने विचारलं, नाव काय लिहू? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारनेच सक्तीचं केलंय, पण १९१९ च्या आईचं नाव आणायचं कुठून? माहेरचं एक, सासरचं एक, दोन्ही गेली. मी म्हटलं, फेरफारात आहे तेच लिही: आई. आणि खाली ती ओळ, सन १९२७ घालून.

गेल्या रविवारी गावी गेले होते. २०२१ ची जनगणना कोरोनाने लांबली ती आता होते आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. यावेळी म्हणे फोनवर आपली आपण माहिती भरता येणार. त्यावरून पुतण्या गमतीने म्हणाला, "आत्या, तू जुनी प्रगणक. आईच्या कामाच्या रकान्यात काय लिहायचं ते आत्ताच सांगून ठेव." मी म्हटलं, मला काय विचारतोस, तिला विचार. भावजय गोठ्यातून येत होती, त्रेसष्ट वर्षांची, पहाटेपासून उभी. त्याने विचारलं, "आई, तुझं काम काय लिहायचं गं?"

"थांब," ती म्हणाली, "म्हशीला पाणी दाखवून येते, मग सांगते."