ग्रीक शोकांतिकेचे रूपांतर आणि रेवसचा किनारा

ग्रीक शोकांतिका मराठीत आणायची म्हटले की रूपांतरकाराचा हात प्रथम सॉफोक्लीझच्या ईडिपसकडे वळतो. सदानंद रेगे यांनी त्याचा ‘जयकेतू’ केला; पु. ल. देशपांडे यांनी १९७९ मध्ये ‘राजा ओयदिपौस’ लिहिताना मूळ ग्रीक उच्चारच जवळ केला. नावे देशी असावीत की परकी, हा वाद मात्र दुय्यम होय. शोक कोणाचा आणि तो कोणासमोर मांडायचा, हे आधी ठरवावे लागते.

रेवसच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष धार येते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी अनेकांना वाचवले. महिन्याभरात स्वातंत्र्य आले आणि कुलाबा जिल्ह्याचे (आजच्या रायगडचे) हे दुःख किनाऱ्यापुरतेच उरले. या घटनेला जवळचे ग्रीक नाटक ईडिपस नव्हे, तर एस्किलसचे ‘पर्शियन’ आहे. समुद्रावरील संहार, दूताचे निवेदन आणि वृद्धांचा कोरस एवढ्यावर ते उभे आहे.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. मिलेटस नगराच्या पाडावावर फ्रिनिकसने नाटक केले तेव्हा प्रेक्षागृह रडले आणि अथेन्सने त्याला एक हजार द्राख्मा दंड ठोठावला; स्वकीयांच्या दुःखाची आठवण करून दिली, हा त्याचा अपराध, असे हिरोडोटस सांगतो. एस्किलसने सॅलमिसच्या लढाईनंतर आठच वर्षांनी, इ. स. पूर्व ४७२ मध्ये, ताजाच विषय घेतला. पण रंगस्थळ ठेवले शत्रूच्या राजधानीत, सूसा येथे. ज्यांनी आरमार धाडले, त्यांच्या दारी वार्ता येते.

रूपांतरकार सामान्यतः उलट करील. तो रेवसच्या धक्क्यावर आक्रोश करणाऱ्या स्त्रिया उभ्या करील, आणि नकळत फ्रिनिकसचे नाटक लिहून बसेल. प्रेक्षकाला रडू येईल, विचार सुचणार नाही. एस्किलसची रचना खरोखर स्वीकारायची तर पडदा मुंबईत, बोट सोडणाऱ्यांच्या कचेरीत उघडला पाहिजे. कोरस तेथील जुन्या कारकुनांचा. हिशेब ठाऊक असलेल्या, पण निर्णयाचा अधिकार नसलेल्या माणसांचा. सूसाचे वृद्धही असेच असतात. दोषी कोण हे ठरविणे चौकशी समितीचे काम. नाटकाने त्या कचेरीतली वाट पाहणे दाखवावे.

दूत मात्र रेवसचा कोळी असावा आणि त्याने आपल्याच बोलीत बोलावे. प्रमाण मराठीतील कोरससमोर ती बोली आली की दोन किनाऱ्यांमधले अंतर वेगळे सांगावे लागत नाही. एस्किलसचा दूत मेलेल्यांची नावे एकामागून एक उच्चारीत जातो. आपल्याकडे तालमीत ही यादी लांबते म्हणून पहिली कात्री तिलाच लागेल. ती लावू देऊ नये.