चेकनाक्यापलीकडचा एक

दहिसरकरांना एका गोष्टीचा भारी माज असतो: 'आम्ही मुंबईत राहतो!' शंका घेतलीत तर पिनकोड पुढे करतात, ४०००६८. चेकनाका ओलांडून मीरा रोडला गेलात की ४०११०७. सुरुवातीच्या ४०० चं ४०१ झालं, की फ्लॅटच्या रेटपासून लग्नाच्या बायोडेटापर्यंत सगळीकडे फरक पडतो म्हणे.

गणितात मात्र भाव आहे तो ४०१ लाच.

४०० म्हणजे २० चा वर्ग. वीस रांगांत वीस-वीस माणसं उभी करा, कुणी उरत नाही. २, ४, ५, ८, १० कशानेही भाग जातो. त्यात फक्त एक मिळवा. ४०१ ला १ आणि ४०१ सोडून कुणीच भागू शकत नाही. मूळ संख्या! उलट एक वजा केलात तर ३९९, म्हणजे १९ गुणिले २१. वर्गातून एक काढला की तो असाच फुटतो. ४ मधून १ काढून आलेला ३ तेवढा बचावलाय.

मिळवल्यावर मात्र नेम नाही. २, ५, १७, ३७, १०१, १९७, २५७, ४०१, ५७७, ६७७. हजाराच्या आत अशा मूळ संख्या दहाच. २६ च्या वर्गानंतर थेट ३६ चा वर्ग पास होतो, मधले सगळे नापास.

मग पुढे कधीतरी त्या संपतात का? १९१२ साली केंब्रिजच्या परिषदेत एडमंड लांडाऊ यांनी हा प्रश्न आजच्या गणिताच्या आवाक्याबाहेरचा म्हणून मांडला. १९७८ मध्ये हेन्रिक इवानिएच यांनी एवढं सिद्ध केलं, की वर्ग अधिक एक ही संख्या मूळ असते किंवा दोनच मूळ संख्यांचा गुणाकार असते, असं अनंत वेळा घडतं. किती जवळ! पण त्या 'किंवा'वर गाडी आजही अडकलीय. शाळकरी पोराला कळेल असा प्रश्न, आणि शंभरावर वर्षं उत्तर नाही.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. ते संस्कृत कवीही होते. ४०१ देताना त्यांच्या मनात हे असेल असं मला वाटत नाही, निव्वळ योगायोग. ६१७४ वाल्या कापरेकरांचं जन्मगाव डहाणूही ४०१ मध्येच येतं, हा आणखी एक.

यादीतला पुढचा ५७७ सुद्धा पिनकोडात आहे. शिमोग्याला. जोगच्या धबधब्याला जाल तेव्हा दुकानाच्या पाट्या वाचा.