कल्हईचं कथील आणि न सापडणारा न्यूट्रिनो

मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या वर गेला की माझा फोन चार्जिंग थांबवतो आणि 'डिव्हाइस गरम झालंय' असा मेसेज टाकतो. याच महाराष्ट्रात, मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, एक फ्रिज आहे. तो उणे २७३.१४ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी काठापर्यंत थंड होतो. त्यात ठेवतात कथील. हो, आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई करायला वापरायचे तेच. प्रयोगाचं नाव 'टिन-टिन'.

कथिलाचा एक प्रकार आहे, टिन-१२४. त्याच्या अणुकेंद्रातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होऊ शकतात, असं सिद्धांत सांगतो. बदलताना प्रत्येक न्यूट्रॉन एक डब्ल्यू बोसॉन सोडतो आणि त्या बोसॉनपासून एक इलेक्ट्रॉन आणि एक अँटिन्यूट्रिनो तयार होतात. डब्ल्यू हा 'व्हेक्टर बोसॉन', म्हणजे फोनच्या स्क्रीनमधून येणाऱ्या फोटॉनचाच नातेवाईक. फरक वजनाचा. फोटॉनला वस्तुमान नाही, डब्ल्यू मात्र प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड. एवढा जड निरोप्या लांब जात नाही, म्हणून ही क्रिया इतकी दुर्मीळ.

आता खरी गंमत. १९३७ मध्ये एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने मांडलेल्या कल्पनेप्रमाणे न्यूट्रिनो आणि अँटिन्यूट्रिनो एकच असतील, तर एका डब्ल्यूकडून निघालेला कण दुसरा डब्ल्यू आतल्या आत गिळून टाकेल. बाहेर येतील फक्त दोन इलेक्ट्रॉन. कोडच्या भाषेत, एका फंक्शनचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट, लॉगमध्ये काहीच नाही. हे दिसलं, तर विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ का नाही, या कोड्याला मोठा धागा मिळेल.

पण मध्ये नेहमीचाच डब्ल्यू होता कशावरून? १९७०च्या दशकात जोगेश पती, अब्दुस सलाम, रवींद्र मोहपात्रा, गोरान सेन्यानोविच यांनी मांडलेल्या सिद्धांतात डब्ल्यूचा एक उजवा जुळा भाऊ आहे, खूप जड. (पती आणि मोहपात्रा दोघेही मूळचे ओडिशाचे.) तोही हेच काम करू शकतो. अडचण अशी, की या वाटेत हा भाऊ दोनदा लागतो आणि त्याचं वस्तुमान दुप्पट धरलं, तर बाकी सगळं तेच ठेवून घटनेचा दर २५६ पटींनी घसरतो. सर्नच्या एलएचसीमध्ये त्याला थेट शोधतात. सुमारे ५ टेव्हीपर्यंत, म्हणजे नेहमीच्या डब्ल्यूच्या साठेक पटीपर्यंत, काहीच सापडलं नाही. तिथल्या सीएमएस प्रयोगात टीआयएफआरही आहे.

कथिलाचा डिटेक्टर फक्त एकूण ऊर्जा मोजतो. दोन्ही इलेक्ट्रॉनची मिळून २.२९ एमईव्ही आली, की घंटा वाजली. आत कोणता बोसॉन होता हे एकटं कथील सांगू शकत नाही. त्यासाठी झेनॉन, जर्मेनियम, टेल्युरियम अशा वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. म्हणूनच, जग पुढे गेलं असलं तरी आपलं कथील फुकट नाही, असं मला वाटतं.

जग खरंच पुढे गेलंय. जपानच्या कॅमलँड-झेनने २०२४ मध्ये सांगितलं, की झेनॉनमध्ये अशा क्षयाचा अर्धायुष्यकाळ किमान ३८ वर २५ शून्यं इतकी वर्षं आहे. मी कथिलासाठी हिशोब केला. अर्धायुष्य एकावर २६ शून्यं धरलं, तर एक किलो साध्या कथिलात असा एक क्षय सुमारे ५०० वर्षांत एकदा! कारण साध्या कथिलात टिन-१२४ जेमतेम ६ टक्के. एक टन घेतलं तरी वर्षाला दोन.

वर्षाला दोन घटना पकडायच्या, तर वरून येणारे वैश्विक किरण नकोत. डोक्यावर डोंगर हवा. तो डोंगर म्हणजे तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातली आयएनओ, भारताची भूमिगत न्यूट्रिनो वेधशाळा. केंद्राने २०१५ मध्ये सुमारे १५०० कोटींची मंजुरी दिली. मग पर्यावरण, वाघांचा मार्ग, कोर्टकचेऱ्या. २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने सुप्रीम कोर्टात स्पष्ट विरोध नोंदवला.

सोशल मीडियावर याचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारतात. मला ते पटत नाही. तुमच्या डोंगरात कोणी बोगदा खणणार असेल तर तुम्हीही विचाराल, 'पाण्याचं काय?' पण पश्चिम घाट नको म्हणताना दुसरी जागा कोणती, याचंही उत्तर द्यावं लागेल. १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो जगात सर्वांत आधी पकडणाऱ्यांत कोलारच्या सोन्याच्या खाणीतला आपला प्रयोग होता. ती खाण २००१ मध्ये बंद पडली.

तोवर कुलाब्यात छोट्या तुकड्यांवर काम चालू आहे. तापमान टिपणारे जर्मेनियमचे सेन्सर विकत न आणता ट्रॉम्ब्याच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये न्यूट्रॉनचा मारा करून घरीच बनवले. ३.७ केल्व्हिनखाली कथील अतिवाहक होतं, त्याची उष्णता धरून ठेवायची ताकद कोसळते, आणि मग दोन इलेक्ट्रॉनची चिमूटभर ऊर्जासुद्धा त्याला मोजता येईल इतकी गरम करते.