पाणंदीतून जाणारी वाइनची वाट

शनिवारी सकाळी मुंबईहून निघायचे, कसारा घाट चढून दुपारपर्यंत गंगापूर धरणाच्या परिसरातली एखादी वायनरी गाठायची, पोलादी टाक्यांच्या दालनातून एक फेरी मारायची, चार-पाच ग्लासांतून घोटभर चव घ्यायची, बागेकडे पाठ करून फोटो काढायचे आणि रविवारी संध्याकाळी परतीच्या वाहतूककोंडीत अडकायचे. नाशिकचे वाइन पर्यटन आज बहुतांशी एवढेच आहे. त्यात गैर काही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हेही नव्हते. पण या सहलीत नाशिकची द्राक्षशेती पाहुण्याला भेटत नाही, ती काचेपलीकडे दिसते. ज्या गावांच्या शिवारांतून तो येतो-जातो तिथे तो उतरत नाही, कारण उतरायला निमित्तच नसते. गोवर्धनपासून निफाडपर्यंतचा पट्टा गाडीने तास-सव्वा तासात संपतो, आणि जो प्रदेश तासाभरात संपतो तिथे कोणी मुक्काम करत नाही. पैसा फाटकाच्या आत राहतो. यावर उपाय म्हणून दर वेळी नवे रिसॉर्ट सुचवले जाते. माझ्या मते उपाय सायकल हा आहे. आणि सायकल म्हणजे अंगाला चिकटणारी रंगीत जर्सी घालून पहाटे शंभर किलोमीटर मारणाऱ्याची नव्हे. वाटाड्याबरोबर रमतगमत निघालेल्या आठ-दहा जणांच्या गटाची. त्यासाठी जी मुख्य गोष्ट लागते ती नाशिकच्या शेतकऱ्याला स्वतःसाठीच केव्हाची हवी आहे: बाराही महिने चालता येईल असा पाणंद रस्ता.

ही कल्पना हवेतली नाही. फ्रान्समधल्या बर्गंडीत बोन गावापासून दक्षिणेला सांतनेपर्यंत वीसेक किलोमीटरची एक सायकलवाट आहे. पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिनी-माँत्राशे ही वाइनच्या दुनियेत दबक्या आवाजात घेतली जाणारी नावे या वाटेवरची छोटी गावे आहेत, आणि एका गावातून निघाल्यावर पुढचे गाव येईपर्यंत घाम फुटतोच असे नाही. या वाटेसाठी कोणी द्राक्षबागा तोडून नवा मार्ग कोरला नाही. बागांत ट्रॅक्टर नेण्यासाठी, तोडलेली द्राक्षे गावात आणण्यासाठी शेतकऱ्यांचे जे अरुंद पक्के रस्ते होते, तेच एकमेकांना जोडले, वळणावळणावर पाट्या लावल्या आणि वाट तयार झाली. आजही त्यावर ट्रॅक्टर चालतात. समोरून ट्रॅक्टर आला की सायकलवाल्याने बाजूला व्हायचे, हा तिथला शिष्टाचार. एका आठवड्याच्या सहलीत दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी, दुपारी जेवण कुठल्यातरी गावात, संध्याकाळी एखाद्या तळघरात चवीची बैठक, अशी तिथल्या आयोजकांची साधारण रीत असते. पट्टीचे सायकलपटू याला ‘लाडावलेली सायकलिंग’ म्हणून हिणवतात. हिणवोत बापडे. गावांत मुक्काम करतो, जेवतो, खोली घेतो आणि बाटली विकत घेतो तो हा लाडावलेला प्रवासीच.

आता वेगाबद्दल. बर्गंडीतल्या याच भागात, कोत दॉरच्या उतारावर, जमिनीचे इतके बारीक तुकडे स्वतंत्र नावाने ओळखले जातात की २०१५ मध्ये युनेस्कोने तो प्रदेश जागतिक वारसा ठरवला तेव्हा अशा नावाजलेल्या तुकड्यांची संख्या १,२४७ मोजली गेली. क्लो द वुजो ही भिंतीने वेढलेली बाग जेमतेम पन्नास हेक्टरची, पण तिचे मालक ऐंशीच्या घरात. उताराच्या मधल्या पट्ट्यातली द्राक्षे सोन्याच्या भावाची आणि शंभर पावले खाली, सपाटीवर, तीच जात साधी गणली जाते. मोटारीच्या खिडकीतून हा सगळा एकच हिरवा डोंगर दिसतो. सायकलवर चढ कुठे सुरू झाला ते पायांना कळते आणि माती कुठे पांढुरकी झाली ते डोळ्यांना. तरीही त्या फरकाचा अर्थ सांगायला माणूस लागतोच. वाइन करणारी बरीच घराणी आधी वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाहीत. ते दार उघडायला ओळखीचा माणूस लागतो. अशा सहलीत वाटाड्याचे खरे काम रस्ता दाखवण्याचे नसते, तो तर मोबाइलही दाखवतो. पाहुणा आणि शेतकरी यांच्यामध्ये उभे राहून दोघांची भीड मोडणे हे त्याचे काम.

नाशिककडे या दृष्टीने पाहिले तर एक मोठी अनुकूलता दिसते, जिचा उपयोग कोणी नीट केलेला नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास होते. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. वाइनची द्राक्षे मग जानेवारी ते मार्चदरम्यान उतरतात. म्हणजे युरोपातल्या बागा उघड्याबोडक्या असतात तेव्हा नाशिकच्या बागेत घड भरत असतात, आणि नेमके तेच दिवस इथे सायकल चालवायला सर्वांत सुखाचे. निफाडची थंडी तर राज्यभर बातमीचा विषय असते. त्याच दिवसांत नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. रामसर यादीत गेलेली राज्यातली ही पहिली पाणथळ जागा निफाड तालुक्यात, द्राक्षबागांच्या शेजारीच आहे. दिंडोरीकडे मोहाडीला शेतकऱ्यांच्या कंपनीने उभा केलेला सह्याद्री फार्म्सचा प्रकल्प आहे; निर्यातीच्या द्राक्षाची प्रतवारी आणि पॅकिंग किती काटेकोर असते ते तिथे कळते. लासलगावला कांद्याची बाजारपेठ. वाइन हा या प्रवासाचा एक धागा झाला, एकमेव नव्हे. ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्यात सायकलवरून जाणारा पाहुणा वाइनइतकाच तिथल्या जर्दाळूसाठी थांबतो, आणि त्या खोऱ्याचे त्यात काही बिघडत नाही.

यावर एक जाणता आक्षेप येतो: नाशिकमधली बहुतेक द्राक्षे खाण्याची आहेत, थॉम्पसन आणि तिच्या भावंडांची, वाइनच्या जातींखालचे क्षेत्र त्यामानाने अगदी लहान. मग हा ‘वाइनचा प्रदेश’ कसला? आक्षेपातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. खाण्याच्या द्राक्षाची बाग आणि वाइनच्या द्राक्षाची बाग शेजारी शेजारी पाहायला मिळणे हीच नाशिकची गंमत आहे. एकीकडे मांडवावर विरळणी करून, संजीवकांत घड बुडवून फुगवलेला टपोरा मणी. दुसरीकडे तारांवर उभ्या ओळीत वाढवलेला शेनिन ब्लांक किंवा शिराझचा बारीक, जाड सालीचा, बियांचा मणी. पहिल्यात आकार आणि चकाकी विकली जाते, दुसऱ्यात साखर आणि आम्ल यांचा तोल. वायनरीच्या दालनात हा फरक तक्त्यावर वाचावा लागतो. सायकल बांधाला टेकवून दोन्ही मणी तोंडात टाकले की तक्त्याची गरज उरत नाही.

अडचण रस्त्याची आहे, आणि इथे सरकारची दिशा सुरुवातीपासून एकांगी राहिली. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वायनऱ्यांना करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले. कारखान्यासाठी भूखंड आले. बागेपासून बागेपर्यंतचा रस्ता कोणाच्या डोक्यातच नव्हता. आज सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या रस्त्यांची चर्चा जोरात आहे, पण ती रुंद रस्त्यांची. त्यावर आठ-दहा सायकली सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. पाणंद मात्र प्रत्येक गावाच्या नकाशावर आहे. ती अतिक्रमणाने अर्धी झाली आहे, पावसाळ्यात काळ्या मातीत गुडघाभर चिखल होतो, भावकीच्या वादात एखादी मध्येच बंद असते, आणि ती मोकळी करून घ्यायला शेतकऱ्याला आजही तहसीलदारापुढे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार घ्यावा लागतो. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली ती याच दुखण्यासाठी. रोजगार हमीच्या जोडीने शेतरस्ते पक्के करायचे, असा तिचा हेतू. माझे म्हणणे इतकेच की या कामांचा क्रम ठरवताना द्राक्षपट्ट्यातल्या पाणंदी सुट्या सुट्या न धरता सलग धराव्यात. निर्यातीच्या द्राक्षाची पिकअप गाडी खड्ड्यांतून हिंदकळली की मणी गळतात, घडाचा भाव पडतो. ज्या रस्त्याने तो तोटा वाचेल त्याच रस्त्यावर सायकल चालेल. पर्यटनासाठी वेगळा पैसा मागावाच लागत नाही. लागतात त्या पाट्या, आणि दोन पाणंदींमध्ये तुटलेले काही शे मीटर जोडण्याची इच्छा.

शेतकऱ्यांचा विरोध होईल का? होईल, आणि त्याला सबळ कारणे आहेत. फळछाटणीनंतर डावणी-भुरी या रोगांच्या धाकाने बागेत फवारण्यांचा सपाटा असतो. त्या वेळी परका माणूस बागेजवळ नको, त्याच्याही आरोग्यासाठी आणि शेतकऱ्याच्या मनःशांतीसाठीही. तयार माल तोडून नेणाऱ्या हौशी लोकांचा अनुभव रस्त्याकडेच्या प्रत्येक बागाईतदाराला असतो. म्हणूनच मी मोकाट सायकलस्वारांची नव्हे, वाटाड्यासह जाणाऱ्या गटाची बाजू घेतो आहे. आदल्या संध्याकाळी फोन करून उद्या कोणत्या बागेत फवारणी आहे हे विचारणारा, गरज पडल्यास गटाला दुसऱ्या पाणंदीने नेणारा, आणि घडाला हात लावू न देणारा वाटाड्या गावातलाच हवा. कृषी शिकून घरी परतलेला मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करू शकेल. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला निवास-भोजनाचा जोडधंदा करायला वाव देते. त्याला हंगामभर नेमाने गिऱ्हाईक पुरवणारी व्यवस्था मात्र कुठे आहे?

मग दारूचा प्रश्न. महाराष्ट्रात वाइनचे नाव काढले की तो येणारच. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याच्या निर्णयावरून जे वादळ उठले ते फार जुने नाही, आणि पिण्यासाठी परवाना मागणारा १९४९ चा दारूबंदी कायदा अजून कागदावर जिवंत आहे. पर्यटनाच्या आडून व्यसन गावात शिरेल ही भीती बायाबापड्यांनी व्यक्त केली तर ती थट्टेवारी नेऊ नये. पण इथे तुलना कशाशी करायची ते ठरवले पाहिजे. आज पाहुणा वायनरीत पितो आणि स्टिअरिंगवर बसतो. सायकलच्या सहलीत चवीची बैठक दिवसाच्या शेवटी, मुक्कामाच्या पायरीवर ठेवता येते, आणि चव घेऊन थुंकण्याची वाइन व्यवसायातली रीतही पाहुण्याला शिकवता येते. फ्रान्समध्ये मद्याच्या प्रमाणाची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातले मद्यपानाचे कलम यांत्रिक वाहनापुरते आहे, त्यामुळे हा नियम इथे आयोजकांनी स्वतःवर घालून घ्यावा लागेल. तो पाळला जाईल याची खात्री वाटाड्याशिवाय देता येणार नाही.

राहिला प्रश्न सायकल चालवणार कोण. सायकलिंगमध्ये नाशिकचे नाव आहे ते दमछाकीच्या बाजूचे. महाजन बंधू या दोन डॉक्टरांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकलवाल्यांचे गट वाढत गेले. हे भांडवल मोठे आहे, पण त्यातून सायकल म्हणजे पराक्रम असा समज पक्का झाला. पन्नाशीतल्या जोडप्याला पराक्रम नको असतो. त्यांना सपाट वाट, भाड्याने मिळणारी बॅटरीची सायकल आणि मागे एक टेम्पो हवा असतो. स्वतःची सायकल आणायची तर अडथळा येतो तो रेल्वेचा. ल्वार नदीकाठच्या सुमारे ९०० किलोमीटरच्या सायकलमार्गालगत धावणाऱ्या गाड्यांत उन्हाळ्यात सायकलींसाठी जागा राखलेली असते. आपल्याकडे सायकल सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी लागते. कसबे सुकेणे, निफाड, लासलगाव ही स्थानके द्राक्षपट्ट्याच्या अगदी पोटात आहेत. रेल्वेची वाट पाहत बसण्यापेक्षा सायकलीच निफाड स्थानकावर भाड्याने ठेवाव्यात, पाहुण्याने रिकाम्या हाताने उतरावे.

सुरुवातही निफाडकडूनच करणे शहाणपणाचे, गंगापूरकडून नव्हे. गंगापूरच्या बाजूला वायनऱ्या आहेत, म्हणून गाड्याही आहेत आणि जमिनीचे भावही. निफाड तालुक्यात स्थानक, बागा, पक्षी, विंचूरचा पार्क हे सगळे सायकलच्या टप्प्यात आहे आणि चढ जवळपास नाहीच. पहिल्या वर्षी दोन दिवसांची एकच फेरी पुरे, मुक्कामाला एका गावातली चार-पाच घरे. पाणंदीचे काम खरड छाटणी उरकल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढावे: माल गेलेला असतो, पिकअपची वर्दळ नसते, जमीन कोरडी असते आणि पावसाला अजून अवकाश असतो.